दोन मालकांचं छत

आमच्या जिवतीच्या पहाडावर 'फ्लॅट विकायचाय' म्हटलं की लोक हसतात. त्यामुळे फ्लॅटवरून भांडायला आम्हाला चंद्रपूरलाच जावं लागलं!

बारा वर्षांपूर्वी मी आणि चुलतभाऊ, म्हणजे आमचे दादा, दोघांनी अर्धे-अर्धे पैसे घालून तिथे वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. पोरांची शिक्षणं झाली, पोरं पुण्याला गेली. आता विकायचा. गिऱ्हाईक आलं, त्यानं मान वर करून छताची ओल, सुटलेले पोपडे पाहिले आणि भाव पाडून मागितला.

मी म्हटलं, आधी दुरुस्ती करू. दादा म्हणाले, "इकायचंच हाय तं पैसे कायले घालतं?" मी म्हटलं, मग पडलेला भाव तुमच्या हिश्शातून. झालं! तीन महिने बोलणं बंद.

कायद्याचं म्हणाल तर वाट आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या (१८८२) ४४ व्या कलमानं सहमालक आपला हिस्सा विकू शकतो. पण अर्धा फ्लॅट घेणार कोण? वाटणी कायद्याप्रमाणे (१८९३) जिथे तुकडे पाडणं शक्य नाही, तिथे निम्म्या वा जास्त हिश्शाच्या मालकांनी मागितलं तर कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकतं. तेव्हा दुसरा सहमालक कोर्टानं ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा स्वतः मागू शकतो. पण तोवर आणखी किती पावसाळे छतातून गळायचे?

आणि खरी गंमत पुढेच आहे. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी शांतपणे वाचले तेव्हा कळलं, की गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याचं छत खराब झालं तर दुरुस्तीचा खर्च संस्थेचा. आतली फरशी, नळ, वायरिंग तेवढं आपलं. म्हणजे ज्या खर्चावरून आम्ही भांडलो, त्यातला मोठा भाग आमचा नव्हताच!

आमच्या तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण (२०१४ पूर्वी आंध्र) दोघांनीही वर्षानुवर्षं हक्क सांगितला. लोकांकडे दोन्हीकडची ओळखपत्रं, गावात मराठी शाळा आणि तेलुगूही. वाद राहिला, पण मालकी सांगायची तर खर्चही करावा लागतो, एवढं दोन्ही सरकारांना कळलं. आम्हा दोघा भावांना मात्र हक्क अर्धा-अर्धा हवा होता, आणि खर्च पूर्ण दुसऱ्याचा.

म्हणून मंडळी, भागीत घर घेत असाल तर पहिल्याच दिवशी कागदावर लिहा: दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, आणि एकाला विकायचं असेल तर दुसऱ्यानं काय करायचं. नातं चांगलं असतं तेव्हाच असं लिहिता येतं. नंतर फक्त नोटीस लिहिली जाते.

असो. दादा, हे तुम्ही वाचालच. संस्थेला द्यायचा अर्ज लिहून ठेवलाय. सही दोघांची लागेल. रविवारी येतो, वहिनींना चहा ठेवायला सांगा.