पुस्तकांशेजारी पायली-मापटे

घरातल्या पुस्तकांच्या कपाटात पुस्तकांखेरीज बरेच काही येऊन राहते. चष्म्याची डबी, औषधांच्या पट्ट्या, विजेची बिले, लग्नपत्रिका, कुठल्याशा समारंभात मिळालेले स्मृतिचिन्ह, मुलांच्या बक्षिसाची ढाल. यातल्या फार थोड्या वस्तू तिथे विचार करून ठेवलेल्या असतात. कपाट लावायचे म्हणजे ही गर्दी उपसायची आणि काय राहावे ते ठरवायचे. त्यासाठी शोभेच्या वस्तूंच्या दुकानात जाण्याची गरज नसते. मराठी घरांच्या माळ्यावर, ट्रंकेत आणि स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर इतके देखणे सामान पडून असते, की अडचण झालीच तर निवडीची होते.

आधी फळीचा विचार. दाटीने लावलेल्या पुस्तकांच्या फूटभर रांगेचे वजन साधारण ९ ते १० किलो भरते. म्हणजे तीन फुटांच्या फळीवर जवळजवळ ३० किलो भार असतो. नेहमीच्या १८-१९ मिलिमीटर प्लायची फळी मध्ये आधार न देता याहून लांब ठेवली तर काही वर्षांत लवते. म्हणून जड ग्रंथ खालच्या फळीवर आणि टेकूंच्या जवळ, हलकी पुस्तके वर आणि मध्ये, हा क्रम बरा. दुसरी गोष्ट खोलीची. सर्वसाधारण मराठी कादंबरी डेमी आकाराची, म्हणजे सुमारे १४ बाय २१.५ सेंटिमीटर असते, आणि सुतार फळी करतो फूटभर खोल. पुस्तके मागच्या भिंतीला टेकवून लावली की पुढे वीतभर मोकळी पट्टी उरते. कपाटातला सगळा पसारा या पट्टीवर जमतो. उपाय अगदी साधा आहे: पुस्तके पुढे ओढून फळीच्या कडेलगत आणायची. मागे वारा खेळायला जागा राहते, भिंतीची ओल पुस्तकांना लागत नाही आणि पुढे काही ठेवायला जागाच उरत नाही. दुसरे काहीही केले नाही आणि एवढेच केले, तरी कपाट वेगळे दिसू लागते.

मांडणीचा मुख्य नियमही यातूनच निघतो. एखादे पुस्तक काढण्यासाठी आधी दुसरी वस्तू उचलावी लागत असेल, तर त्या वस्तूची जागा चुकली आहे. शोभेच्या वस्तूमागे अडकलेले पुस्तक हळूहळू वाचनातून जाते. म्हणून वस्तू पुस्तकांच्या पुढ्यात कधीच नाही, नेहमी रांगेतच, पुस्तकांच्या शेजारी.

एकेक फळी पूर्ण रिकामी करून काम सुरू करावे. पुस्तके कोरड्या फडक्याने पुसून, पाने भराभर उलटून झटकायची. बांधणीच्या सांध्यात कसर दिसते का, फळीच्या मागच्या कोपऱ्यात वाळवीच्या मातीची रेघ आहे का, हे याच वेळी पाहायचे. जुन्या बांधणीत खळ वापरलेली असते आणि कसरीला पिठूळ पदार्थ प्रिय असतात, त्यामुळे जुन्या पुस्तकांचे पुठ्ठे आधी तपासावेत. वाळवीची रेघ दिसली तर मांडणी थांबवून आधी तिचा बंदोबस्त.

पुस्तकांचा क्रम घरातल्या वाचणाऱ्यांनी ठरवावा. लेखकानुसार, विषयानुसार, कसाही; घरातल्या सर्वांना तो तोंडपाठ असला म्हणजे झाले. मुखपृष्ठाच्या रंगांनुसार पुस्तके लावण्याची पद्धत अलीकडे बरीच दिसते. छायाचित्रात ती छान दिसते, पण एकाच लेखकाची पुस्तके चार फळ्यांवर विखुरतात आणि हवे ते हाताला लागत नाही. वाचत्या घरासाठी ही पद्धत वाईट. रंगांचा मेळ घालायचाच असेल तर तो एका विषयाच्या आत घालावा. पहिला खंड १९७६मध्ये निघालेल्या आणि वीस खंडांपर्यंत गेलेल्या मराठी विश्वकोशासारखा संच एकत्रच शोभतो. एकसारख्या पुठ्ठ्यांची ती रांग इतकी भारदस्त असते, की तिच्याजवळ दुसरे काही ठेवू नये.

खरी पंचाईत बारक्या पुस्तकांची होते. कवितासंग्रह, एकांकिका, पुस्तिका यांच्या कण्यावर नाव छापण्याइतकी जाडी नसते आणि उभ्या रांगेत ती दिसेनाशी होतात. अशी आठ-दहा पुस्तके आडवी रचावीत. आधीच्या नियमाला एवढा अपवाद करून रचलेल्या गठ्ठ्याच्या वर एखादी छोटी वस्तूही ठेवता येते, मात्र ती एका हाताने सहज उचलता येईल इतकी हलकी हवी. दिवाळी अंकांचेही तसेच. का. र. मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे आणि अनेक घरांत तीस-चाळीस वर्षांचे अंक साठलेले आहेत. उभे ठेवले की ते मध्येच वाकतात. जुन्या पत्र्याच्या पेटीत किंवा उथळ वेताच्या टोपलीत वर्षवार आडवे ठेवले, तर पेटीच फळीवरची वस्तू होते. सुट्या पानांची पोथी मात्र उभी करूच नये. ती दोन पाट्यांत धरून बासनात बांधलेली आणि आडवीच राहिली पाहिजे. लाल किंवा पिवळ्या कापडाचे ते बासन इतके सुंदर दिसते, की त्या फळीला आणखी सजावट लागत नाही.

आता वस्तू. घरात वापरून गुळगुळीत झालेली वस्तू पुस्तकांजवळ शोभते, कारण दोन्ही हाताळण्यासाठी घडवलेल्या असतात. धान्य मोजण्याची मापे हे त्याचे उत्तम उदाहरण. १९५६च्या कायद्यानंतर देशात दशमान वजनमापे टप्प्याटप्प्याने आली आणि शहरी घरांतली जुनी मापे अडगळीत गेली. गावाकडच्या बाजारात पायलीचा हिशोब अजून ऐकू येतो. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही उतरत्या आकाराची भांडी ओळीने ठेवली की फळीवर आपोआप चढ-उतार तयार होतो. पायलीच्या तळाशी वाळूची घट्ट बांधलेली पुरचुंडी ठेवली, तर ती पुस्तकांना भक्कम टेकू देते. मापट्यात पेन्सिली, चिपट्यात खुणेच्या पट्ट्या ठेवता येतात.

टेकू म्हणून खलबत्ताही तितकाच कामाचा. पितळी असेल तर चिंचेने घासून, धुऊन, पूर्ण कोरडा करूनच कपाटात ठेवावा. ओलसर पितळेवर हिरवट थर धरतो आणि तो पुठ्ठ्याला लागतो. लोखंडी असेल तर खाली जाड सुती कापडाचा तुकडा हवा, नाहीतर पावसाळ्यात गंजाचा डाग फळीत उतरतो. अडकित्ता, चुन्याची डबी, करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, दौत अशा लहान वस्तू एकेकट्या हरवल्यासारख्या दिसतात. त्यांतल्या दोन-तीन एका छोट्या तबकात एकत्र ठेवल्या की नजर तिथे थांबते.

अशा रोजच्या वस्तूंकडे नीट पाहायला शिकायचे तर पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय बघावे. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२०च्या सुमारास संग्रहाला सुरुवात केली आणि लहान वयात गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले. तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि त्यांत दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी यांना मोठा मान आहे. एका अडकित्त्याच्या मुठीत कारागीर किती कल्पना ओततो, हे तिथे समजते. मग घरातला अडकित्ता माळ्यावर ठेवणे जिवावर येते.

धातूखेरीज इतर वस्तूही आहेत. सावंतवाडीची रंगवलेली लाकडी फळे गडद पुठ्ठ्यांच्या रांगेत चटकन उठून दिसतात. फाटक्या इरकली साडीचा काठ किंवा खणाचा तुकडा फळीच्या तळाशी अंथरता येतो. किल्लीचे घड्याळ, जुना कॅमेरा, ट्रान्झिस्टर हेही चांगले. फक्त ट्रान्झिस्टरमधले सेल आधी काढावेत, कारण ते झिरपतात. कृष्णधवल छायाचित्राची प्रत काढून ती चौकटीत लावावी आणि मूळ छायाचित्र अंधारात, मागे पेन्सिलीने नावे लिहून जपावे. घरातली ती माणसे ओळखणारे आज आहेत, तोवरच हे लिहिणे शक्य असते.

विषयाशी नाते जुळले तर मांडणीला अर्थ येतो. स्वयंपाकाच्या पुस्तकांजवळ पोळपाटाएवढी जागा कुठून आणायची, पण लाकडी रवी सहज मावते. प्रवासवर्णनांजवळ समुद्रावरून आणलेले शंख, संगीताच्या पुस्तकांजवळ टाळांची जोडी. प्रत्येक फळीवर हे जुळवत बसू नये. एक-दोन ठिकाणी पुरे. एका फळीचा निदान पाचवा हिस्सा मोकळा राहावा, कारण नवी पुस्तके येतच असतात आणि मोकळी जागा नसेल तर ती पुन्हा आडवी कोंबली जातात. घरात मुले असतील तर खालच्या दोन फळ्या त्यांच्या, आणि जड ग्रंथ त्यांच्या लगेच वरच्या फळीवर. तिथे जड किंवा टोकदार काही नको, आणि पुस्तके मुलांना स्वतः काढता-ठेवता येतील इतकी सैल हवीत.

काही वस्तू मात्र कितीही सुंदर असल्या तरी कपाटात येऊ नयेत. तेलाची पेटती समई किंवा निरांजन, उदबत्तीचे घर, पाण्यात वाढणारी वेल, फुलदाणी. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून ग्रंथ जपा, अशी विनंती जुने लेखनिक हस्तलिखिताच्या शेवटी लिहून ठेवत, आणि छापील पुस्तकांनाही ती तशीच लागू आहे. पश्चिमेच्या खिडकीसमोर कपाट असेल तर पडदा हवाच. उन्हाने पुठ्ठ्यांचे रंग उडतात, आणि स्वस्त कागदातला लिग्निन हा घटक प्रकाश व हवेमुळे पिवळा पडत जातो.

कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांवर असते. ६५-७० टक्क्यांपुढे बुरशी धरू लागते. त्या दिवसांत कापडाच्या आणि लाकडाच्या वस्तू कपाटातून काढून ठेवाव्यात, काचेची दारे असतील तर कोरड्या दुपारी उघडावीत. वेखंडाचे तुकडे पातळ फडक्यात बांधून कोपऱ्यांत ठेवण्याची रीत जुनी आहे आणि पाळण्यासारखी आहे.

खंडेनवमी-दसऱ्याला पाटी-पुस्तकांची पूजा होते. पाऊस ओसरलेला असतो, म्हणून वर्षाची आवराआवर त्याआधीच्या आठवड्यात सोयीची पडते. पुस्तके सावलीत, वाऱ्यावर तासभर उघडी ठेवावीत. थेट उन्हात नाही. वस्तूंची अदलाबदलही याच वेळी करावी. उतरवलेल्या वस्तू जुन्या सुती कापडात गुंडाळून, आत काय आहे याची चिठ्ठी डब्यावर चिकटवून माळ्यावर ठेवल्या, म्हणजे पुढच्या दसऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही.