विश्लेषण : मेंदूतील गुठळीवर वनौषधींची जोड कितपत सुरक्षित?

चीनमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांना आधुनिक औषधांच्या जोडीने दानशेनसारख्या वनौषधी सर्रास दिल्या जातात. मेंदूच्या शिरांत होणाऱ्या गुठळीसाठीही असा जोडउपचार सुचवला जातो. त्यातली खरी अडचण या ‘जोडी’तच आहे.

हा आजार कोणता?

नेहमीच्या पक्षाघातात बहुधा मेंदूला रक्त पुरवणारी धमनी बंद होते. येथे मेंदूतून रक्त परत नेणारी शीर तुंबते. तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, फिट येणे ही त्याची लक्षणे. आजार दुर्मीळ आहे. नेदरलँड्समधील २०१२च्या अभ्यासात दहा लाखांमागे वर्षाला सुमारे १३ रुग्ण आढळले. भारतात तो बाळंतिणींमध्ये विशेष दिसतो. उपचार म्हणजे आधी हेपारिन, मग तीन ते बारा महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.

जोड दिल्याने काय बिघडते?

वारफरिन घेणाऱ्याचा ‘आयएनआर’ २ ते ३ दरम्यान ठेवावा लागतो. दानशेनमुळे वारफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकातच केल्या. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपीय वनस्पती उलट वारफरिनचा परिणाम कमी करते, म्हणजे गुठळी पुन्हा होण्याचा धोका. शिवाय यातील अनेक रुग्णांच्या मेंदूत आधीच थोडा रक्तस्राव झालेला असतो.

आपल्याकडे हे अधिक लागू पडते. अंगावर पाजणाऱ्या आईला नव्या गोळ्यांऐवजी सहसा वारफरिनच देतात आणि घरी बाळंतकाढा चालू असतो. काढ्याला कोणी ‘औषध’ म्हणत नाही, त्यामुळे डॉक्टरांना सांगायचे राहून जाते. तो सांगावा, सुरू किंवा बंद केल्यास आयएनआर लवकर तपासून घ्यावा.

मग गुण आल्याचे दावे?

२००४च्या ६२४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ७९ टक्के रुग्ण जवळपास पूर्ण बरे झाले होते, तेही प्रामुख्याने नेहमीच्या उपचारांवर. तेव्हा काढा घेऊन पाचांतले चार बरे झाले, यावरून काढ्याबद्दल काहीच कळत नाही. तुलनेसाठी काढा न घेणारा गट हवा. जर्मनीतील १९९१च्या हेपारिन चाचणीत अवघे २० रुग्ण होते, पण निम्म्यांना हेपारिन दिलेले नव्हते. त्या दहापैकी तिघे दगावले. हेपारिनच्या गटात एकही नाही.