आज काय करता यायला हवे?

परीक्षा जवळ आली की शाळा-कॉलेजांत एकच शब्द कानी पडतो : पोर्शन. 'माझा पोर्शन संपला' असे शिक्षक समाधानाने म्हणतात, आणि घरी पालकही 'पोर्शन झाला का?' एवढेच विचारतात. पण शिकवून झाले म्हणजे मुलाला आले, असे होत नाही. तास संपताना विद्यार्थ्याला नेमके काय करता यायला हवे, हे आधीच ठरवून त्याला सांगितले, तर शिकणारा आणि शिकवणारा दोघांचीही वाट सोपी होते.

अर्थशास्त्राचेच उदाहरण घेऊ. 'मागणी व पुरवठा समजून घेणे' हे उद्दिष्ट टाचणवहीत छान दिसते. पण समजले की नाही, ते ओळखायचे कसे? त्यापेक्षा आमच्या फोंड्यातल्या मुलांना असे सांगता येते : 'गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा बांगड्याचा भाव का चढतो, ते आकृती काढून दाखवा. मागणीची रेषा सरकली की पुरवठ्याची, तेही कारणासह सांगा.' आता कुठे पोचायचे ते मुलांना कळते. पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकवून कारण सांगणाऱ्याला विषय आला. मागणीची रेषा सरकवणारा कुठे अडला आहे, ते शिक्षकाला त्याच तासाला दिसते.

दोन भाषांच्या घरांना तर याची जास्तच गरज आहे. घरात कन्नड, गल्लीत मराठी, घाट उतरून गोव्यात आले की कोकणी, आणि कॉलेजच्या पुस्तकात इंग्रजी! असे मूल उत्तर देताना अडखळले, की 'कच्चे आहे' असा शिक्का बसतो. वास्तविक इथे उद्दिष्टे दोन आहेत, एक विषयाचे आणि दुसरे भाषेचे. आकृती बरोबर काढून कारण कन्नडमध्ये सांगितले, तरी विषयाचे उद्दिष्ट साधले. तेच इंग्रजीत चार वाक्यांत लिहिणे ही पुढची पायरी. दोन्ही एकाच मापाने मोजली, तर समज असलेले मूल मागे राहते आणि घोकून लिहिणारे पुढे जाते.

ज्यांची मुले कन्नड शाळेत शिकली, त्यांना 'नलि-कलि' ठाऊक असेल. नलि-कलि म्हणजे आनंदाने शिका. आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या शाळांपासून स्फूर्ती घेऊन १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ही पद्धत सुरू झाली. पुढे २००९-१० पासून ती कर्नाटकभर खालच्या वर्गांत गेली. अभ्यासक्रमाच्या लहान लहान पायऱ्या पाडून त्यांची शिडी वर्गात लावायची, अशी ही कल्पना. आपण कितव्या पायरीवर आहोत, हे मुलाला स्वतःलाच कळते. आजारपणात आठवडा बुडाला, तरी सोडलेल्या पायरीपासून पुढे जाता येते.

केंद्राच्या २०२१ च्या 'निपुण भारत' योजनेतही असेच साधे शब्द आहेत. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, वाचावेत. ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात. घरी बसून पालकालाही हे पाहता येते. मात्र घड्याळ लावून मुलाला पळवू नका. वाचून झाल्यावर गोष्टीत काय घडले, तेही विचारा. शिवाय मराठीत 'घरात आहे' हे दोन शब्द, तर कन्नडमध्ये 'मनेयल्लिदे' हा एकच! तेव्हा दोन भाषांतल्या वेगाची तुलना नको. २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीतही वाचनाची मापे भाषावार वेगळीच ठरवली होती.

उद्दिष्टे कमी असावीत, तासाला एक-दोन पुरेत. शेवटची पाच मिनिटे ती पडताळण्यासाठी राखावीत. एरवी ती फाइलीतच राहतात. आणि कवितेची गोडी तासाच्या मापाने मोजायला जाऊ नये, तिला वेळ द्यावा.

पालकांनी काय करावे? रात्री जेवताना 'अभ्यास केलास का?' असे विचारण्याऐवजी 'आज तुला नवे काय करता येऊ लागले? दाखव बघू' असे म्हणून पाहा. विचारा मराठीत, उत्तर कन्नडमध्ये आले तरी बिघडत नाही. आणि मुलाला सांगताच येईना, तर त्याच्यावर रागावू नका. तोच प्रश्न घेऊन त्याच्या शिक्षकांना भेटा.