फिर्यादीची नक्कल मागून घ्या

गेल्या महिन्यात भोरच्या एस. टी. स्टँडवर हिर्डस मावळातल्या एक आजी भेटल्या. बांधाच्या भांडणात त्यांच्या मुलाचा हात मोडला होता. फिर्याद दिली का, असे आम्ही विचारले.

"दिली की. अंगठा केला."

तिच्यात लिहिलंय काय?

"ते सायबाला ठावं."

आणि नक्कल?

"कागद मागायचा असतो व्हय, दादा?"

वाचकहो, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. भोर असो की वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, वाड्यावस्त्यांवरची आपली माणसे पदरचे भाडे खर्चून ठाण्यात जातात आणि रिकाम्या हाताने परततात.

कायदा काय सांगतो ते पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची तोंडी फिर्याद पोलिसांनी लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि मग सही-अंगठा घ्यायचा. नक्कल मोफत द्यायची. हात मोडणे हा असाच दखलपात्र गुन्हा आहे. फिर्याद घेतलीच नाही, तर हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी. तेथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

वकिलाला पैसे कोठून आणायचे, ही दुसरी धास्ती. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. महिला, मुले, कोठडीतील माणसे आणि अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न पाहता त्यात मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही त्यात येतात. जातीचा दाखला जवळ ठेवावा. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

आमचे सांगणे एवढेच की, ठाण्यात एकटे जाऊ नका. घरातली शिकलेली मुलगी किंवा सून सोबत न्या. वाचून घेतल्याशिवाय अंगठा करू नका.

परवा आजींचा निरोप आला. त्यांनी नक्कल आणली. नातीने ती वाचली. मारणारे दोघे होते, कागदावर नाव एकाचेच होते. आता पुरवणी जबाब द्यायला आजी पुन्हा जाणार आहेत, नातीला घेऊन.