गरम पाण्याचा हिशेब

"वहिनी, ते सगळं ठीक आहे, पण पैसे वसूल कधी होणार?"

गेल्या शनिवारी आमच्याकडे, नेदरलँड्समधल्या आम्स्टलव्हेनला, चार-पाच मराठी घरं जेवायला जमली होती. पिठलं-भाकरीवर गप्पा रंगल्या होत्या आणि मी बोलता बोलता म्हटलं, की आंघोळीच्या पाण्यासाठी गॅस सोडून हीट पंपाची टाकी बसवायचा विचार चाललाय. लगेच हा प्रश्न आला. मग दुसऱ्याने विचारला, तिसऱ्याने मोबाइलवर आकडेमोड सुरू केली. टाकी कशी चालते, तिची हवा कुठून येते, पाणी पुरतं का, हे कोणी विचारलं नाही. ऑफिसात डच सहकाऱ्यांपाशी विषय काढला, तिथेही तेच. त्यांच्याकडे तर 'तेरुगफर्डीनटाइड' असा वसुलीच्या कालावधीसाठी तयार शब्दच आहे आणि तो रोज कानावर पडतो. त्या एका प्रश्नाने हा आठवडाभर माझं डोकं उठवलं आहे.

आधी उत्तर देऊन टाकते. दोनशे लिटर पाणी दहा अंशांवरून पंचावन्नवर न्यायला साडेदहा युनिट उष्णता लागते. साध्या विजेच्या गीझरला तेवढीच वीज लागते. हीट पंप ती उष्णता जाळून तयार करत नाही, हवेतून गोळा करतो. फ्रीजमध्ये जे यंत्र आतली उष्णता बाहेर टाकतं, तेच यंत्र इथे उष्णता पाण्यात टाकतं. त्यामुळे साडेतीन युनिट विजेत काम भागतं. गॅसवर त्याच पाण्याला सव्वा घनमीटरच्या आसपास गॅस जातो. इथल्या सध्याच्या दरांनी चार माणसांच्या घरात वर्षाला दोनशे युरोंची बचत होईल. अनुदान वजा जाता आम्हाला आलेलं कोटेशन साडेतीन हजारांच्या आतबाहेर आहे. म्हणजे सतरा-अठरा वर्षं. यंत्र तेवढी वर्षं टिकेलच असं नाही. झालं उत्तर.

पण दोन वर्षांपूर्वी याच मंडळींपैकी एकाने स्वयंपाकघर नवं केलं, सुरेख केलं, आम्ही सगळे बघायला गेलो. ओटा किती वर्षांत वसूल होणार, असं कोणी विचारलं नाही. गाडीला विचारत नाही, सोफ्याला विचारत नाही, दर उन्हाळ्यातल्या भारताच्या तिकिटांना तर नाहीच नाही. गॅसचा नवा बॉयलर घेणाऱ्यालाही कोणी विचारत नाही, कारण तो 'लागतोच'. हिशेब मांडायचा तो फक्त जिथे काही बदलायचं असेल तिथे, हे मला मान्य नाही. हा हिशेब नसतो, न बदलण्याचं कारण असतं.

सरकारनेही लोकांना असंच वागायला शिकवलंय. मे २०२२ मध्ये जाहीर झालं, की २०२६ पासून जुना बॉयलर बदलताना निदान हायब्रिड, म्हणजे गॅसच्या बॉयलरच्या जोडीने चालणारा, हीट पंप तरी घ्यावाच लागेल. कारखानदारांनी उत्पादन वाढवलं, कारागिरांनी प्रशिक्षण घेतलं. २०२४ मध्ये नवं सरकार आलं आणि नियम मोडीत निघाला. छपरावर सौरपट्ट्या लावा म्हणाले, लोकांनी लावल्या. आता १ जानेवारी २०२७ पासून दुपारी ग्रिडला दिलेली वीज संध्याकाळच्या बिलातून वजा करून मिळायची नाही. दर निवडणुकीला नियम फिरत असेल, तर माणूस स्वस्तातलं आणि ओळखीचं तेच धरून बसणार. मला त्याचा राग नाही येत, या धरसोडीचा येतो.

आमच्या सासूबाई मात्र मुद्द्याचं बोलल्या. त्या सध्या आमच्याकडे आल्या आहेत. "पाणी एकदम तापवून ठेवायचं म्हणजे बंबच की गं," म्हणाल्या. अगदी बरोबर. गॅसचा बॉयलर नळ सोडला की त्या क्षणी पाणी तापवतो, कितीही वेळ उभे राहा. टाकीत मात्र तापवलेलं तेवढंच असतं, आणि संपलं की पुन्हा तापायला काही तास लागतात. सासूबाईंच्या लहानपणी साताऱ्याच्या वाड्यात पहाटे तांब्याच्या बंबात चिपाडं, शेंड्या, कागदाचे बोळे सरकवण्याचं काम एका आत्याकडे असे. कोण आधी, कोण नंतर, केस धुवायचा वार कोणाचा, हे सगळं बंबाच्या पोटावर ठरायचं. घंघाळात कढत पाणी, वरून विसण, आणि दीड बादलीत आंघोळ. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला सगळं घर रांगेत असायचं, तेव्हा बंब दोनदा भरावा लागायचा.

ती शिस्त माझ्या मुलांना नाही. शॉवरखाली मिनिटाला आठ-नऊ लिटर पाणी जातं, आणि पंधरा वर्षांची मुलगी आत गेली की बाहेर यायचं नाव घेत नाही. २०२२ च्या वसंतात, युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर, डच सरकारने घरातलं तापमान एकोणीस अंशांवर ठेवा, आंघोळ पाच मिनिटांत उरका, अशी मोहीम काढली होती. सासूबाईंना ते सांगितलं तर त्यांना त्यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळेना. त्यांच्यासारख्या दीड बादलीवाल्यांच्या घरात दोनशे लिटर दिवसभर सहज पुरतील. आमच्या घरात पुरवावे लागतील, आणि ते पुरवायला शिकावं असं मला मनापासून वाटतं.

जागेचाही प्रश्न आहेच. इथे बहुतेक घरांत बॉयलर माळ्यावर भिंतीला टांगलेला असतो. भरलेली टाकी तीनशे किलोच्या घरात जाते. लाकडी माळ्याला ते वजन पेलतं का हे आधी पाहावं लागतं. हवा बाहेरची घ्यायची की घरातली हेही ठरवायचं असतं. हिवाळ्यात घरातली ऊबदार हवा घेतली, तर गॅसने कमावलेली ऊबच टाकीत जाणार. म्हणून न्हाणीघरातून आणि स्वयंपाकघरातून जी हवा पंख्याने बाहेर टाकली जातेच, तिच्यातली उष्णता काढून घेणं चांगलं. फोडणीच्या घरात हवेचा फिल्टर वरचेवर धुवायची तयारी ठेवा.

आणि तापमानाशी खेळू नका. चाळीस अंशांचं पाणी आंघोळीला पुरतं, मग टाकी चाळीसवरच ठेवली तर वीज वाचेल, असा सल्ला शनिवारी एकाने दिला. तो धोक्याचा आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये इथून तासाभराच्या अंतरावर, बोवेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात, विक्रीसाठी मांडलेल्या बुडबुड्यांच्या टबातून लिजनेला जिवाणू हवेत पसरले. फुलं पाहायला गेलेली किमान ३२ माणसं त्यात दगावली. कोमट, साचलेलं पाणी या जिवाणूला मानवतं, साठ अंशांना तो मरतो. म्हणून या टाक्या ठरावीक दिवसांनी साठपर्यंत तापवल्या जातात. ती सोय बंद करू नका.

हे सगळं मी शेजारच्या बाईंशी बोलत होते. निवृत्त शिक्षिका आहेत, मूळच्या ग्रोनिंगन प्रांतातल्या. वसुलीचा विषय निघाल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या गावाने तुमच्या आंघोळीचे पैसे भरलेत." मग भावाच्या घराविषयी बोलल्या. भिंतींना टेकू, दारं चौकटीत बसत नाहीत, दर काही वर्षांनी नवा तपासनीस, नवा अहवाल.

१९५९ मध्ये स्लोख्तरेन इथे शेतात गॅस सापडला. युरोपातला सर्वांत मोठा साठा निघाला. दशकभरात अख्ख्या देशाच्या चुली आणि बॉयलर त्या गॅसवर आले. नळ सोडला की गरम पाणी, ही डच घरातली सवय तिथून आली. जमिनीतून गॅस उपसला तसा खालचा वालुकाश्म दबत गेला, भेगांवरचा ताण सुटू लागला आणि ज्या भागाला भूकंप ठाऊक नव्हता तो हलू लागला. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे गावाखाली ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. आकडा लहान वाटतो, पण केंद्र अवघं तीन किलोमीटर खोल, वर मऊ माती, आणि भूकंपाचा विचार न करता बांधलेली विटांची घरं. सरकारच्याच खाण निरीक्षकांनी जानेवारी २०१३ मध्ये उपसा लवकरात लवकर कमी करा असं सांगितलं. त्या वर्षी उपसा वाढला. संसदीय चौकशी समितीचा अहवाल फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. सरकारने या गॅसमधून ३६० अब्ज युरोंहून अधिक मिळवले आणि ग्रोनिंगनच्या माणसांचं हित सतत डावललं गेलं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. १ ऑक्टोबर २०२३ ला उपसा थांबला. एप्रिल २०२४ मध्ये क्षेत्र कायद्याने कायमचं बंद झालं.

बाई बोलत होत्या आणि मला कोयना दिसत होती. माझं माहेर कराडचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची गोष्ट आमच्या घरात प्रत्येक पिढीने ऐकली आहे: भांड्यांची उतरंड कोसळली, गोठ्यातली गुरं हंबरायला लागली, आणि आजी आईला पांघरुणासकट उचलून अंगणात धावली. कराडात एवढंच झालं. वर कोयनानगरात घरं जमीनदोस्त झाली, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. कोयना धरणाच्या जलाशयाच्या, शिवसागराच्या, पाण्याने जमिनीखालच्या भेगांवर परिणाम झाला, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, आणि धरणामुळे होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभर कोयनेचं नाव घेतलं जातं. त्या धरणाच्या विजेवर मुंबई-पुण्याचे कारखाने चालले, घराघरांत गीझर लागले. ज्यांची गावं धरणाखाली गेली ती माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्याकडे पांगली, आणि त्यांच्यातल्या कित्येकांची तिसरी पिढी आजही पुनर्वसनाच्या हक्कासाठी धरणं धरून बसते. मी पुण्यात शिकायला होते तेव्हा वसतिगृहात गीझरचं बटण दाबून आंघोळ करत होते. ती वीज कोणाच्या गावावरून आली हे कराडची असून मला कोणी शिकवलं नव्हतं. शाळेत कोयना म्हणजे 'महाराष्ट्राची भाग्यरेषा' एवढंच लिहून घेतलं होतं.

या दोन ठिकाणी एकच गोष्ट घडली. शहराला ऊन पाणी मिळालं, ते स्वस्त वाटलं, आणि किमतीतला मोठा वाटा दूरच्या गावाने भिंतींना तडे जाऊन दिला. बिलावर तो आकडा छापलेला नसतो. म्हणून वसुलीचा प्रश्न ऐकला की मला राग येतो. साडेतीन हजारांना दोनशेने भागणारा माणूस चुकीचं गणित करत नाही, अर्धंच गणित करतो.

गॅस ग्रोनिंगनचा येत नाही, मग आता कसला अपराध, असंही कोणी म्हणेल. आज येतो तो बहुतांशी जहाजांतून आणि परदेशी नळांतून. ग्रोनिंगनच्या गॅसमध्ये मुळात चौदा टक्के नायट्रोजन होता आणि आपले बॉयलर त्याच्याच बेताने बनवलेले, म्हणून बाहेरून आलेल्या चांगल्या गॅसमध्ये मुद्दाम नायट्रोजन मिसळून तो आपल्या घरात सोडतात. ते मिसळण्याचा एक मोठा कारखाना झाउटब्रुकला आहे, त्याच ग्रोनिंगन प्रांतात. आणि २०२२ मध्ये बाहेरच्या गॅसवर विसंबल्याची किंमत आपल्या प्रत्येकाच्या बिलाने दाखवली आहे.

तर आमचं ठरलं आहे. टाकी घ्यायची, दोनशे लिटरची, पंख्याने बाहेर जाणाऱ्या हवेवर चालणारी. छपरावर आठ पट्ट्या आहेत. टाकी दुपारी बारा ते चार चालवायची, म्हणजे २०२७ नंतर जी वीज ग्रिडला जवळजवळ फुकट द्यावी लागेल ती पाण्यात साठेल आणि वसुलीची वर्षंही पुष्कळ कमी होतील. खोल्या तापवायला पुढे दुसरा हीट पंप, आणि त्यानंतर गॅसची जोडणीच काढायची. नुसतं पाणी बदलून थांबलो, तर गॅसचा स्थिर आकार वर्षानुवर्षं भरत राहू, हे मात्र ध्यानात ठेवा; पैशांच्या दृष्टीने खरा फायदा मीटर निघेल तेव्हाच सुरू होतो. भाड्याच्या घरात असाल, किंवा फ्लॅटच्या सोसायटीची परवानगी लागत असेल, तर हे तुमच्या एकट्याच्या हातात नाही. मग बैठकीत विषय मांडा, लेखी मांडा.

स्वतःच्या घरात राहत असाल आणि बॉयलर दहा वर्षांपुढे गेला असेल, तर तो बंद पडायची वाट पाहू नका. जानेवारीत बंद पडलेल्या बॉयलरच्या जागी गॅसचाच बॉयलर येतो, कारण तोच दुसऱ्या दिवशी मिळतो, आणि मग पुढची पंधरा वर्षं तो हलत नाही. माळ्याचं वजन तपासून घ्या आणि दोन-तीन कोटेशनं याच महिन्यात मागवा.