ओळख, वशिला आणि मोकळेपणा

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी आणि मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या वस्त्रांसाठी ख्यात आहे. तेथील एखाद्या विणकराचा मुलगा नवा धंदा काढू म्हणतो, तेव्हा त्याला केवळ भांडवलाची उणीव भासत नाही. व्यापारी, पेढीवाले, जाणकार यांपैकी कोणी त्याच्या ओळखीचा नसतो.

ही उणीव भरून काढण्यासाठीच ‘स्टार्टअप अ‍ॅक्सिलरेटर’ ही नव्या उद्योगांना हात देणारी संस्था जन्मास आली. अमेरिकेत २००५ साली निघालेल्या ‘वाय कॉम्बिनेटर’ने तरुणांस थोडे भांडवल दिले, शिवाय दर आठवड्यास त्यांना एका पंक्तीस बसवून अनुभवी उद्योजकांच्या हकीकती मोकळेपणाने ऐकविल्या.

आपल्याकडे हे अगदीच अपूर्व नव्हे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना उभा राहिला. तेथे काम शिकलेल्यांनी पुढे अन्यत्र काचेचे कारखाने काढले. शिष्य उद्या प्रतिस्पर्धी होईल म्हणून विद्या झाकून ठेवणे त्या संस्थेचे धोरण नव्हते. पुढारीपणाची खरी कसोटी हीच.

सुशिक्षित एकत्र कुटुंबांत ओळखींचा ठेवा मोठा असतो. तो पुतण्याभाच्यांपुरताच राखला, तर त्यास वशिला म्हणावे लागेल. वाचकहो, वर्षातून एकदा तरी घरातील वडीलधाऱ्यांनी अनोळखी तरुणाचे काम पाहावे, त्यातील उणिवा स्पष्ट सांगाव्यात, आणि काम पसंत पडल्यास आपल्या परिचित व्यापाऱ्याच्या नावे त्यास चिठ्ठी द्यावी.