विश्लेषण : एक्सलचा बूट फाटला, घरी बदलावा की गाडी गॅरेजला न्यावी?

गाडीच्या पुढच्या चाकामागे, सहज नजर जाणार नाही अशा जागी, चुण्याचुण्यांचे एक काळे रबर असते. गॅरेजमध्ये त्याला एक्सल बूट किंवा नुसते ‘शाफ्टचे रबर’ म्हणतात. ते फाटले तरी गाडी चालू होते, गिअर पडतात, ब्रेक लागतो. म्हणून ‘आवाज आला की बघू’ असे म्हणून काम पुढे ढकलले जाते. नेमकी हीच सवय महागात पडते. काहीशे रुपयांचे रबर वेळेवर बदलले नाही, तर काही हजारांचा जॉइंट किंवा अख्खा शाफ्ट बदलावा लागतो.

हा बूट करतो काय?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चाकांना एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. इंजिनाच्या जोरावर फिरायचे, स्टिअरिंगसोबत वळायचे आणि खड्ड्यात वर-खाली व्हायचे. शाफ्ट सरळ असो वा तिरका, चाकाला सारखाच वेग मिळावा म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट असतात. चाकाकडच्या जॉइंटमध्ये साधारणपणे सहा पोलादी गोळ्या खाचांमधून सरकतात. या रचनेचे श्रेय फोर्ड कंपनीतील अभियंते आल्फ्रेड झेप्पा यांना दिले जाते. त्यांनी ती १९२०च्या दशकात मांडली. १९५९च्या ब्रिटिश ‘मिनी’ने ती छोट्या गाडीत रुळवली.

आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालत, त्यामुळे पुढे हा बूट नव्हताच. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि हा भाग घरोघरी पोहोचला. जॉइंटमधले ग्रीस आत ठेवणे आणि चिखल-पाणी बाहेर ठेवणे, एवढेच बुटाचे काम. पण सगळ्या जॉइंटचे आयुष्य त्यावरच अवलंबून असते.

तो फाटतो कशाने?

वयाने, उष्णतेने आणि सततच्या वाकण्याने रबर कडक होते, चुण्यांच्या खोलात चिरा पडतात. चाकाकडचा बूट वळणावर जास्त दुमडतो, म्हणून बहुधा तोच आधी जातो. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावात यात आणखी भर पडते. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी कामावर नेणारी गाडी संध्याकाळी शेताच्या वाटेवरही जाते. तोडलेल्या उसाचे टोकदार बुडखे आणि वाटेवरचे उडते खडे गाडीच्या पोटाखाली नेमके याच उंचीवर लागतात. पावसाळ्यात चिखल सुकून चुण्यांमध्ये घट्ट बसतो. २०१९ आणि २०२१च्या महापुरानंतर पाण्यातून निघालेल्या गाड्यांचे इंजिन आणि वायरिंग तपासण्याकडे सगळ्यांचा कल होता. पण बुटाला चीर असेल तर तेच गढूळ पाणी जॉइंटमध्येही उतरते.

फाटल्याचे ओळखावे कसे?

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकामागे मोबाइलची बॅटरी मारली, तरी बाहेरचा बूट दिसतो. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फटकारे उडालेले असतील, तर बूट फाटला असे समजावे. वळताना ‘कट-कट-कट’ असा आवाज येऊ लागला, तर गोष्ट बुटाच्या पुढे गेली; गोळ्या आणि खाचा झिजल्या. वेग घेताना गाडी थरथरत असेल, तर गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर संशय घ्यावा.

इथेच या विषयातला खरा निर्णय आहे. आवाज नसताना सापडलेला फाटका बूट बदलणे फायद्याचे. आवाज आल्यावर फक्त बूट बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे. गॅरेजवाला अशा वेळी ‘पूर्ण जॉइंट टाका’ म्हणाला, तर तो लुबाडतोच आहे असे नाही. मात्र आवाज नसताना, जॉइंट न उघडताच तो अख्खा शाफ्ट बदलायला सांगत असेल, तर कारण विचारण्याचा मालकाला पूर्ण हक्क आहे.

घरी बदलणे जमते का?

जमते, पण टायर बदलण्याइतके सोपे नाही. सपाट, पक्की जमीन हवी. मातीच्या अंगणात जॅक रुतून कलंडू शकतो. गाडीसोबत आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोके घालणे जिवावर बेतू शकते. गाडी लोखंडी स्टँडवर टेकवणे आणि मागच्या चाकांना ठोकळे लावणे, या दोन गोष्टींत तडजोड नाही. विटांचा ढीग म्हणजे स्टँड नव्हे.

काम कसे चालते?

मधला एक्सल नट प्रचंड घट्ट असतो, म्हणून गाडी जमिनीवर असताना, हँडब्रेक ओढून आधी तोच सैल करतात. मग गाडी उचलून चाक काढतात, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडतात आणि हब बाहेर ओढून शाफ्टचे टोक मोकळे करतात. या वेळी हब ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नये आणि एबीएसची वायर ताणू नये. शाफ्ट हिसकावून ओढला, तर आतला जॉइंट निखळतो किंवा गिअरबॉक्समधून ऑइल गळते.

त्यानंतर क्लॅम्प कापून बाहेरचा जॉइंट शाफ्टवरून उतरवतात, जुने ग्रीस पूर्ण पुसून गोळ्या आणि खाचा उजेडात पाहतात. खड्डे, गंज किंवा निळसर डाग दिसले, तर नवा बूट बाजूला ठेवून नवा जॉइंट आणणेच योग्य. सगळे ठीक असेल तर आधी छोटा क्लॅम्प आणि नवा बूट शाफ्टवर चढवतात, नवी सर्क्लिप बसवतात आणि जॉइंट जागेवर ठोकतात. ग्रीस किटसोबत आलेले, मॉलिब्डेनमयुक्त काळेच वापरावे. डब्यातले कुठलेही पिवळे ग्रीस इथे चालत नाही. बुटात कोंडलेली हवा काढून क्लॅम्प आवळतात. एक्सल नट शक्यतो नवा घ्यावा आणि त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने कसावा. अंदाजाने कसलेला नट चाकाचे बेअरिंग खातो.

जोडाचे बूट का नकोत?

शाफ्ट न सोडता गुंडाळून चिकटवायचे बूट बाजारात मिळतात. त्यांनी वेळ वाचतो. पण ग्रीसचा हात लागलेल्या कडेवर गोंद धरत नाही आणि जॉइंट उघडून पाहण्याची संधीही हुकते. अडलेल्या प्रवासात तात्पुरती सोय म्हणून ठीक, कायमचा इलाज म्हणून नाही.

दुर्लक्ष केले तर?

झिजलेला जॉइंट एखाद्या दिवशी तुटतो. एका बाजूचा शाफ्ट तुटला की डिफरन्शियल सगळी ताकद त्याच मोकळ्या बाजूला फिरवते आणि गाडी जागची हलत नाही. त्याहून धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. अशी गाडी चढावर गिअरमध्ये ठेवली तरी थांबत नाही. भार एकट्या हँडब्रेकवर येतो. गगनबावड्याच्या घाटात रात्री ही वेळ आली, तर वाचवलेल्या चार पैशांचा हिशेब कोणी करणार नाही.

मग करावे काय?

कोल्हापूरला ऑइल इंजिनांपासून ओतकामापर्यंत यंत्रकामाची मोठी परंपरा आहे. गडमुडशिंगीपासून उद्यमनगर काही लांब नाही. त्यामुळे स्टँड आणि टॉर्क पाना नसताना, केवळ मजुरी वाचवायला घरी हात घालणे शहाणपणाचे नाही. ज्याच्याकडे साधने, पक्की जागा आणि पूर्ण दिवस आहे, त्याने जरूर करावे. आपल्या गाडीच्या पोटात काय चालते, हे तेवढ्याने तरी कळते. बदलण्याचे काम कोणाचेही असो, पाहण्याचे काम मात्र मालकाचेच आहे. मृगाच्या आधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, प्रत्येक चाकामागे दोन मिनिटे उजेड टाकला तरी पुरे. त्यासाठी जॅकही लागत नाही.